सेनापतीला पडद्यावर सगळे दिसत असेल, तर आघाडीवरच्या मेजरने निर्णय का घ्यावा?

प्रश्न : संरक्षणशास्त्र_वर्ग

मी पदवीच्या विद्यार्थ्यांना संरक्षणशास्त्र शिकवतो. लष्करी नेतृत्व हा घटक चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे. धैर्य, निर्णयक्षमता, कणखरपणा, हाताखालच्या माणसांविषयी आपुलकी आणि निष्कलंक चारित्र्य अशी सेनापतीच्या गुणांची एक ठरावीक यादी असते. विद्यार्थी ती परीक्षेत जशीच्या तशी उतरवतात आणि गुण मिळवतात. या विद्यार्थ्याचे म्हणणे असे की ही यादी पानिपतच्या काळातही खरी होती, त्यामुळे आजच्या युद्धाविषयी तिच्यातून काहीच हाती लागत नाही.

त्याचा खरा मुद्दा पुढे आहे. युक्रेनमध्ये आघाडीपासून कित्येक किलोमीटर मागे तळघरात बसलेला अधिकारी ड्रोनच्या कॅमेऱ्यातून एकेक खंदक पाहू शकतो. आघाडीवर तुकडी घेऊन लढणाऱ्या कंपनी कमांडरला (साधारणपणे मेजरला) समोरची झाडी दिसते, तर याला झाडीपलीकडचा रणगाडाही दिसतो. ज्याला अधिक दिसते त्यानेच निर्णय घ्यावा, हे तर्काला धरूनच आहे. मग आघाडीवरच्या मेजरकडे नेतृत्वगुण कशासाठी हवेत? त्याने केवळ हुकूम पाळावेत, एवढे पुरेसे नाही का? प्रत्यक्ष युद्धांतील उदाहरणांच्या आधारे कोणी उत्तर दिल्यास मला ते वर्गात वापरता येईल.


उत्तर १ : पूर्व_आघाडी

विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मात्र दुरून सगळे ठरवण्याचा मोह ड्रोनमुळे निर्माण झाला असे मला वाटत नाही. ड्रोन नव्हते, उपग्रह नव्हते, आघाडीपर्यंत धड रस्ताही नव्हता, तेव्हाही हा मोह होता, आणि १९६२ च्या चीन युद्धात, आजच्या अरुणाचल प्रदेशातील नामका चू नदीच्या काठी आपल्याच सैन्याने त्याची किंमत मोजली.

थाग लाचा कडा चिनी सैन्याच्या हाती होता आणि खाली नदीलगत ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ७ इन्फन्ट्री ब्रिगेड लांबलचक पट्ट्यात विखुरलेली होती. जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते, तोफखान्याचा आधार नाममात्र होता आणि जवळचा दारूगोळा फार काळ पुरणारा नव्हता. या परिस्थितीत कड्यावरून शत्रूला हुसकावण्याचा बेत धरून चालणे चूक आहे, असे त्या भागातील कोअरचे (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या सैन्यरचनेचे) कमांडर लेफ्टनंट जनरल उमरावसिंग यांनी कळवले, तेव्हा ती जबाबदारीच त्यांच्याकडून काढून घेण्यात आली आणि नव्याने उभारलेल्या चौथ्या कोअरकडे, म्हणजे लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्याकडे, सोपवण्यात आली. १० ऑक्टोबरची त्सेंग जोंगची चकमक कौल यांनी स्वतः पाहिली, ब्रिगेडची अवस्थाही पाहिली. तरीही तिला मागे घेण्याचा निर्णय जागेवर न घेता ते विचारविनिमयासाठी दिल्लीला गेले. पुढे ते आजारी पडले आणि दिल्लीतील घरी अंथरुणावरून कोअर चालवू लागले. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडून पडली. दळवी युद्धबंदी झाले.

येथे एक मराठी नाव घेणे आवश्यक आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे पूर्व विभागाचे प्रमुख असताना मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौ येथे 'लाल किला' नावाचा सराव घेतला होता. चिनी आक्रमण कसे येईल आणि त्याला सीमारेषेवर न अडवता, आपली रसद जेथपर्यंत पोहोचते अशा मागच्या मजबूत ठाण्यांवर का अडवावे, हे त्यांनी त्यात मांडले होते. म्हणजे जाण असलेली माणसे सैन्यात होती. त्यांचे ऐकून घेणारी माणसे योग्य जागी नव्हती, आणि हा दोष कोणत्याही पडद्याने दूर होणारा नाही.

आता त्याच चौथ्या कोअरचे १९७१ मधील वर्तन पाहा. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्यावर मेघना नदीपर्यंतचा प्रदेश घेण्याची कामगिरी होती. ढाका हे उद्दिष्ट त्यांना दिलेल्या हुकमात स्पष्टपणे नव्हते. आशुगंज येथील रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने माघार घेताना उडवून दिला. नदीचे पात्र प्रचंड, पूल बांधण्यास वेळ लागणार, आणि तेवढ्या वेळात शत्रू पलीकडे सावरणार, हे उघड होते. सगतसिंग स्वतः हेलिकॉप्टरमधून टेहळणीस गेले. त्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन वैमानिक जखमी झाला. तरीही ९ डिसेंबरपासून हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्या सहकार्याने, डझनभर एमआय-४ हेलिकॉप्टरांच्या फेऱ्यांवर फेऱ्या करून त्यांनी सैन्य पलीकडे रायपुरा आणि नरसिंगदीच्या बाजूला उतरवले. स्थानिक लोकांच्या होड्याही वापरल्या. पूर्व विभागाच्या मुख्यालयात या धाडसाविषयी साशंकता होती, पण ढाक्याचा पूर्वेकडचा दरवाजा उघडला तो यामुळेच. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार माणसे ताब्यात आली.

आपल्या विद्यार्थ्याने या दोन प्रसंगांत 'कोणाला अधिक दिसत होते' हे तपासावे. १९६२ मध्ये कौल यांनी सर्व काही डोळ्यांनी पाहिले होते आणि तरी ठरवले नाही. १९७१ मध्ये सगतसिंग यांना पलीकडच्या काठाचे जेमतेम चित्र होते आणि त्यांनी ठरवले. दिसणे आणि ठरवण्याची जबाबदारी अंगावर घेणे या दोन गोष्टी एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत.


उत्तर २ : होकायंत्र

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु मेघनेचे उदाहरण आज जसेच्या तसे देणे धोक्याचे ठरेल. डझनभर हेलिकॉप्टरे एकाच मार्गाने दिवसरात्र फेऱ्या मारत आहेत, हे आजच्या आकाशात किती वेळ लपून राहील? मे २०२२ मध्ये रशियन सैन्याने युक्रेनमधील बिलोहोरिव्का गावाजवळ सिव्हेर्स्की दोनेत्स नदी ओलांडण्याचा प्रयत्न केला. तराफ्यांचा पूल टाकला, चिलखती वाहने काठावर दाटीवाटीने जमली, आणि युक्रेनच्या तोफखान्याने पूल व वाहने दोन्ही नष्ट केली. विशेष म्हणजे एक प्रयत्न फसल्यानंतर त्याच परिसरात पुन्हा प्रयत्न केले गेले. तेथील वरिष्ठांना आपली वाहने जळताना दिसत नव्हती असे मानणे कठीण आहे. दिसूनही आखलेला बेत बदलण्याची मुभा किंवा हिंमत कोणाकडे तरी नव्हती.

रशियन पद्धतीत निर्णय वरच्या पातळीवर एकवटलेले असतात. आक्रमणाचा बेत इतका गुप्त ठेवला गेला होता की अनेक तुकड्यांना आपण खरोखर युद्धावर जात आहोत हे अगदी शेवटच्या क्षणी कळले. ज्या कनिष्ठ अधिकाऱ्याला हेतूच माहीत नाही, तो अडचण आल्यावर पुढच्या हुकमाची वाट पाहत रस्त्यावर थांबणार. कीव्हच्या उत्तरेला वाहनांची जी लांबच लांब रांग अडकली, तिच्यामागे इंधन, चिखल, नादुरुस्त टायर आणि युक्रेनियनांचे हल्ले अशी अनेक कारणे होती, पण हेही एक कारण होते. अडलेले सैन्य हलवण्यासाठी मग जनरल दर्जाचे अधिकारी आघाडीवर जाऊ लागले आणि मारले जाऊ लागले. ४१व्या संयुक्त सेनेचे उपप्रमुख मेजर जनरल आंद्रेई सुखोवेत्स्की युद्धाच्या पहिल्या आठवड्यातच ठार झाले.

आता तळघरातील अधिकाऱ्याकडे वळतो. युक्रेनकडे 'डेल्टा' नावाची प्रणाली आहे, जिच्यात ड्रोन, उपग्रह आणि माणसांकडून आलेली माहिती एकाच नकाशावर येते. तिच्यामुळे मागच्या अधिकाऱ्याला खरोखरच पुष्कळ दिसते. काय दिसत नाही, ते मात्र विद्यार्थ्यांना सांगा. खंदकातील माणसे किती रात्री झोपलेली नाहीत, मशीनगनची नळी बदलायला झाली आहे का, जखमींना न्यायला उरलेली एकमेव गाडी चालू आहे का, आणि कालच्या मृत्यूनंतर या पलटणीत अजून पुढे जाण्याची उमेद शिल्लक आहे का, यांपैकी काहीच कॅमेऱ्यात येत नाही. शिवाय शत्रूही रेडिओलहरी अडवतो. ड्रोनचे चित्र गोठते, संपर्क तुटतो, आणि वरून सूचना घेण्याची सवय लागलेला मेजर नेमक्या त्याच क्षणी एकटा पडतो. ज्याला वर्षभर एकही निर्णय घेऊ दिलेला नाही, तो त्या घटकेला अचानक कोठून निर्णय घेणार?

हा आजार केवळ रशियाचा नाही, हेही नमूद करतो. वरून होणाऱ्या बारीकसारीक हस्तक्षेपाच्या तक्रारी युक्रेनच्या अधिकाऱ्यांनीही उघडपणे केल्या आहेत, आणि २०२५ मध्ये त्यांनी कोअरची रचना आणली तिच्यामागे ब्रिगेडांवर सुसूत्र व स्थिर नेतृत्व असावे हाच विचार होता. पडदा जितका स्पष्ट, तितका सेनापतीला आपला हात आवरणे कठीण. माझ्या मते आजच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला लागणारा आणि आपल्या यादीत नसलेला गुण हा संयम आहे.


उत्तर ३ : दस्तऐवज

या चर्चेत फील्ड मार्शल माणेकशा यांचे नाव येणारच, म्हणून आधीच एक सावधगिरीची सूचना देतो. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळासमोर पंतप्रधानांना ठाम नकार दिला आणि पावसाळा, खिंडी खुल्या असताना चीनकडून असलेला धोका व अपुरी तयारी ही कारणे सांगून वेळ मागून घेतला, ही हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा रंगवून सांगितली आहे. नंतरच्या काही अभ्यासकांनी मात्र कागदपत्रांच्या आधारे असे दाखवले आहे की इंदिरा गांधी आणि त्यांचे सल्लागार यांनाही त्या महिन्यात लगेच युद्ध नको होते. म्हणजे नकार जितका नाट्यमय सांगितला जातो, तितका तो असेलच असे नाही.

तरीही वर्गासाठी त्यातील उपयुक्त भाग शिल्लक राहतोच. लष्करप्रमुखाने नुसते 'जमणार नाही' असे म्हटले नव्हते. कधी जमेल, त्यासाठी काय लागेल आणि तोवर काय करता येईल, हेही त्यासोबत दिले होते. उमरावसिंग यांचे आक्षेपही असेच तपशीलवार होते. एकाचे ऐकले गेले, दुसऱ्याला बाजूला केले गेले. त्यामुळे खरे बोलण्याचा गुण सेनापतीत शोधताना, ते खरे सहन करणारा राज्यकर्ताही सोबत लागतो, हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये.


प्रश्नकर्ता : संरक्षणशास्त्र_वर्ग

आपणा सर्वांचे आभार. 'पूर्व_आघाडी' यांच्या उत्तरातून एक उपप्रश्न उरतो. सगतसिंग यशस्वी झाले म्हणून आपण त्याला पुढाकार म्हणतो. मेघनेपलीकडे उतरलेले सैन्य कापले गेले असते, तर याच कृतीला आपण हुकूमभंग म्हटले असते. पुढाकार कोणता आणि बेशिस्त कोणती, हे निकाल लागण्याआधी ओळखता येते का? तसे नसेल, तर मी विद्यार्थ्यांना केवळ जिंकलेल्यांचे कौतुक शिकवत आहे असा त्याचा अर्थ होईल.


उत्तर ४ : सिग्नल_निवृत्त

ओळखता येते, आणि त्यासाठी मेघनेशेजारी एक फसलेली मोहीम ठेवून पाहिली पाहिजे. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेतील आपल्या शांतिसेनेने जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने सैन्य उतरवले. तेथे असलेल्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या नेतृत्वाला अचानक गाठून पकडावे, असा हेतू होता. साधन तेच, धाडसही तेच. परंतु लिट्टेने आपल्या रेडिओवरचे संभाषण ऐकले होते आणि त्यांचे बंदूकधारी मैदानाभोवती दबा धरून बसले होते. पॅरा कमांडोंची तुकडी उतरली. शीख लाइट इन्फन्ट्रीची एक प्लाटून, म्हणजे ३० जवान, उतरले. त्यानंतर गोळीबारात हेलिकॉप्टरांचे इतके नुकसान झाले की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. त्या ३० पैकी २९ जण मारले गेले आणि एक जण पकडला गेला. कमांडोंना दुसऱ्या दिवशी रणगाड्यांच्या मदतीने बाहेर काढावे लागले.

मेघनेवर काय वेगळे होते, ते पाहा. सगतसिंग यांनी दोनच दिवस आधी, ७ डिसेंबरला, सिल्हेटजवळ गुरखा पलटण हेलिकॉप्टरने उतरवून ही पद्धत आजमावली होती. उतरण्याची जागा शत्रूच्या मुख्य ठाण्यापासून दूर निवडली होती. पहिली खेप उतरल्यावर दुसरी कशी येणार, याचा हिशेब तयार होता, आणि हेलिकॉप्टरांखेरीज होड्यांचा पर्याय हाताशी होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण मोहिमेचा हेतू काय आहे हे त्यांना माहीत होते, आणि आपली कृती त्या हेतूला पुढे नेणारी आहे हे ते सांगू शकत होते. निकाल बाजूला ठेवूनही या गोष्टी तपासता येतात. वरिष्ठांच्या हेतूला धरून, जोखमीचा हिशेब करून आणि वरिष्ठांना कळवून उचललेले पाऊल अयशस्वी झाले तरी तो पुढाकारच. स्वतःच्या नावलौकिकासाठी किंवा अंदाजपंचे उचललेले पाऊल यशस्वी झाले तरी ती बेशिस्त, आणि ती पुढच्या वेळी तोंडघशी पाडते.

माझी नोकरी संदेशवहनात गेल्यामुळे आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण नेतृत्वाच्या पुस्तकांत ती सहसा सापडत नाही. १ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच युक्रेनने माकिव्का येथील एका शाळेच्या इमारतीवर अग्निबाण टाकले. तेथे नव्याने भरती झालेले रशियन सैनिक ठेवले होते. रशियानेच ८९ मृत्यू मान्य केले आणि सैनिकांनी बंदी असताना मोबाइल वापरले, त्यामुळे ठिकाण उघड झाले, असे कारण दिले. या खुलाशावर रशियातीलच युद्धसमर्थक लेखक संतापले, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. नववर्षाच्या रात्री घरापासून दूर असलेली पोरे फोन करणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शेकडो माणसे एका छपराखाली, आणि त्याच ठिकाणी दारूगोळा, असा निर्णय ज्याने घेतला, त्याने दोष शिपायाच्या खिशातल्या फोनवर ढकलला. आजच्या अधिकाऱ्याला लहरी दिसत नसल्या तरी त्यांचे भान लागते. आपले मुख्यालय किती ॲन्टेनांमुळे ओळखू येते, किती वेळाने जागा बदलायची, माणसे किती विखरून ठेवायची, हे काम सिग्नलच्या कॅप्टनवर सोपवून मोकळे होण्याचे दिवस गेले.


उत्तर ५ : द्रास_वाचन

कारगिलचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. १९९९ मध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही अशी सरकारची मर्यादा होती आणि ती भूदल व हवाई दल दोघांनीही पाळली. आजची बहुतेक युद्धे अशीच मर्यादांच्या आत लढली जातात. वरून घातलेली चौकट मान्य करूनही तिच्या आत स्वतःला हवा तेवढा वेळ आणि मारा मागून घेणे, ही तेथील खरी कसोटी होती.

द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावरचे सुरुवातीचे हल्ले पुरेशा तोफखान्याविना झाले आणि महागात पडले. पुढे २ राजपुताना रायफल्सकडे ही कामगिरी आली. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल एम. बी. रवींद्रनाथ यांनी पलटण येताच डोंगरावर न चढवता टेहळणी आणि तयारीसाठी दिवस घेतले. १२ जूनच्या रात्री चढाई झाली तेव्हा बोफर्स तोफा शिखरावर थेट नेम धरून मारा करत होत्या, आणि १३ जूनला तोलोलिंग हाती आले. वरून घाई असताना 'मला अजून दोन दिवस हवेत' असे सांगणाऱ्या कर्नलला मी शौर्याच्या यादीत वरचे स्थान देईन.

हवाई दलाशी समन्वयाचा भाग मात्र कमी गौरवाचा आहे. हेलिकॉप्टरे वापरावीत की नाही, त्यासाठी सरकारची परवानगी लागेल का, यावर भूदल आणि हवाई दल यांच्यात सुरुवातीला मतभेद झाले. २६ मेपासून हवाई हल्ले सुरू झाले, २७ तारखेला दोन मिग विमाने आणि २८ तारखेला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमावले, आणि त्यानंतर पद्धत बदलून मिराज विमाने लेझरच्या साहाय्याने नेम धरणारे बॉम्ब घेऊन पुढे आली. तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा ही शिफारस २००१ मध्ये मंत्रिगटाने केली, आणि ते पद प्रत्यक्षात जनरल बिपिन रावत यांच्या नियुक्तीने १ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले. तेव्हा दुसऱ्या दलाची भाषा, त्यांच्या यंत्रांच्या मर्यादा आणि त्यांचा मानापमान समजून घेणे हाही गुण आपल्या यादीत घाला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तिन्ही दलांचे छात्र एकत्र शिकतात, ते याच कारणासाठी, पण पुढच्या वीस वर्षांच्या नोकरीत ती मैत्री कितपत टिकते, याविषयी मला शंका आहे.

वर्गासाठी एक सूचना. विद्यार्थ्यांना नकाशा द्या, वरिष्ठांचा हेतू दोन ओळींत लिहून द्या, आणि अर्ध्या तासाने सांगा की रेडिओ बंद पडला आहे व नकाशावरचा पूल आता नाही. मग प्रत्येकाकडून दोन परिच्छेद लिहून घ्या. पहिल्यात तो काय करील ते असावे, आणि दुसऱ्यात संपर्क पुन्हा सुरू होताच वरिष्ठांना पहिल्या वाक्यात काय सांगेल ते असावे. गुण देताना दुसरा परिच्छेद आधी वाचा.